सर इकडचे की तिकडचे

त्या वर्षांत यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं, आणि एकदाही चांगल्या कारणानं नाही. कापसाचा भाव बसला होता, कापसाच्या जिनिंग गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, आणि दिल्ली-मुंबईचे पत्रकार गाड्या भरभरून येत होते. बातमी धाडायला इंटरनेट लागायचं, म्हणून ते आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये येऊन बसायचे आणि मलाच विचारायचे, "मॅडम, इथं लोक हसतात तरी का हो?" मी म्हणायचे, "हसतात ना. तुम्ही उठलात की लगेच हसतील. ती खुर्ची माझी आहे." माझं डोकं लवकर तापतं, पण प्रश्नच तसा होता. दुःख होतं, ओळखीच्या घरांत होतं, आणि त्याच दिवसांत आम्ही पोट धरून हसतही होतो. त्यातला एक शनिवार मला सांगायचा आहे.

संस्थेची कॉलेजं दोन. एक आमचं यवतमाळचं, दुसरं पांढरकवड्याचं. दोन्हीकडचा मेल चालायचा तो माझ्या लॅबमागच्या खोलीतल्या एका जुन्या सर्व्हरवर. तो नागपूरच्या ज्या दुकानातून आणला ते दुकानच उठून गेलं होतं, आणि ह्याचे नखरे रोज वाढत होते. मराठीचं तर त्याला वावडंच. देवनागरीत काही लिहिलं की पलीकडं नुसती प्रश्नचिन्हं पोचायची. शेवटी ठरलं की मेल नव्या सिस्टिमवर न्यायचा. ती कुठंतरी लांब इंटरनेटवर होती आणि तिच्यावरची धूळ मला पुसावी लागणार नव्हती, एवढंच मला पुरेसं होतं.

एकदम सगळे नको, आधी पांढरकवडा, मग आपण, असं मीच सुचवलं. तोवर दोन्ही सिस्टिम सोबत चालणार. पत्ते सगळ्यांचे तेच, फक्त काहींची टपालपेटी जुन्यावर, काहींची नव्यावर. मी जुन्या सर्व्हरला सांगून ठेवलं, बाबा, ही माणसं तिकडं गेली, ह्यांचं पत्र आलं की तिकडं पाठव. नव्याला सांगितलं, तुझ्याकडं ज्याची पेटी नाही तो इकडचा समज आणि पत्र इकडं पाठव. फळ्यावर दोन बाण काढून मी हे प्राचार्यांना समजावलं आणि ते त्यांनाही समजलं, यावरून किती सोपं होतं ते ओळखा.

आता कोण तिकडचं आणि कोण इकडचं, हे मला काय स्वप्नात दिसणार? मी दोन्ही कॉलेजांच्या बडेबाबूंना, म्हणजे हेडक्लर्कना, विचारलं. इकडच्यांनी सांगितलं कोण तिकडं गेलं, तिकडच्यांनी सांगितलं आपली माणसं कोणती. त्याप्रमाणे सगळं बसवून बुधवारी मी नवी व्यवस्था चालू केली आणि स्टाफला आलुबोंडे खाऊ घातले.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. मी लॅबला कुलूप लावायच्या बेतात होते, तेवढ्यात लायब्ररीच्या ताई आल्या. चाळिशीला टेकलेल्या, आईसोबत राहायच्या, रविवारी तिला विहारात नेऊन आणायच्या. आवाज इतका हळू की पोरं जास्तच घाबरायची. लग्नाचा विषय कुणी काढला तर "तुमच्याकडचं पुस्तक परत केलं का?" असं विचारून त्याला गप्प करायच्या. त्या दिवशी मात्र आल्या त्या थेट टेबलापाशी.

"हा डेमन कोण व्हय गं?"

"कोण?"

"मेलर डेमन. मले इंग्रजीत चिठ्ठ्या पाठवून राह्यला. एक नाही, ढीगभर. म्हणते, तुमचं पत्र पोचलं नाही."

"ताई, तो माणूस नाही. आपला सर्व्हरच आहे. पत्र कोणाले पाठवलं होतं?"

"कोणाले म्हणजे? असंच. ऑफिसचं."

"दाखवा बरं."

"दाखवायचं नाही."

"मंग मी काय करू? डॉक्टरकडं गेल्यावर जीभ दाखवणार नाही म्हणता?"

मी चिडून माझा कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. एखादं पत्र फिरून फिरून त्याच दारात आलं की जुना सर्व्हर कंटाळायचा, ते बाजूला काढून ठेवायचा आणि सवडीनं, एक-दोन दिवसांनी, पाठवणाऱ्याला तशी चिठ्ठी द्यायचा. ती अडकलेली पत्रं मला माझ्या स्क्रीनवर दिसायची. ताईंनी सरळ स्क्रीनवर तळहातच ठेवला. "उघडू नको!"

"उघडत नाही ना बाप्पा. नुसतं वरून पाहून राह्यली. हात काढा."

त्यांनी हात काढला. पण आमच्या सर्व्हरची खोड अशी की न उघडताही पत्राची पहिली ओळ बाहेरच दिसायची. एकाखाली एक पत्रं, सगळी ताईंची, सगळी पांढरकवड्याच्या बॉटनीच्या सरांना, आणि सगळ्यांत इंग्रजी अक्षरं तेवढी तीन. एच, ए, व्ही.

"ताई, हॅव लिहिताना शेवटचा ई राहिला," मी म्हटलं. "आणि पुढं वाक्यच नाही. अर्धवटच पाठवलं तुम्ही, तेही इतक्या वेळा!"

ताईंचे कान लाल झाले.

"ते हॅव नाही," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"ते हव आहे."

आमच्या वऱ्हाडात 'हो' कुणी म्हणत नाही, 'हव' म्हणतात. "कशाले हव?" असं मी विचारलं खरं, पण विचारता विचारताच मला कळलं आणि मी खुर्चीत बसले. अगं बाई! आमच्या ताई!

मग त्यांनी सांगितलं. बॉटनीचे सर मूळचे साताऱ्याकडचे, एकटे, ताईंच्याच वयाचे. महिन्यातून एकदा एसटीनं आमच्या लायब्ररीत पुस्तकं परत करायला यायचे आणि तीच पुन्हा घेऊन जायचे. आम्हाला वाटायचं, माणूस विसरभोळा आहे. त्यांना आता गावाजवळच्या कॉलेजातून बोलावणं आलं होतं, आणि होकाराचा फॅक्स शनिवारी, म्हणजे त्याच दिवशी, करायचा होता. सोमवारी त्यांनी ताईंना मेलवर लिहिलं होतं की तुमची इच्छा असेल तर मी इथंच राहीन, आपण लग्न करू. इच्छा नसेल तर उत्तर देऊ नका, नाही म्हणायचा त्रास तुम्हाला नको. शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन आणि जाईन.

"किती सभ्य माणूस आहे," ताई म्हणाल्या.

"सभ्य? बिनडोक आहे! आपल्या सर्व्हरच्या भरवशावर कोणी असं लिहिते का?"

ताईंनी आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, "तुह्यं तू पाह्य. मले तं तो पहिल्यापासून बरा वाटते." गुरुवारी ताईंनी उत्तर लिहायला घेतलं. मराठीत लिहिलं तर प्रश्नचिन्हं पोचतील, लग्नाला विचारलेल्या माणसाला आपण प्रश्नचिन्हं कशी पाठवायची, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं. बटण दाबलं तर काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. आणि हे सगळं तीन अक्षरांचं.

"मंग आता फोन करा ना!"

"कुठं? सरांजवळ मोबाइल नाही. कॉलेजचा फोन बडेबाबूच्या टेबलावर. मी एकदा लिहून दिलं. आता त्या टेबलावर सगळ्या स्टाफसमोर पुन्हा सांगू? मेली तरी नाही."

आणि त्या बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. नुसतं पर्सचं बक्कल उघडत बंद करत बसल्या. मला त्यांचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या सर्व्हरचा आला. मी एका पत्राचा माग काढला. ते इकडून तिकडं गेलेलं, तिकडून इकडं, पुन्हा तिकडं, पुन्हा इकडं. जुना सर्व्हर म्हणत होता, सर तिकडं गेले. नवा म्हणत होता, माझ्याकडं तर ह्या नावाची पेटीच नाही. जीव तोडून पळत होतं बिचारं.

मी धावत आमच्या बडेबाबूंकडं गेले. ते कपाटाला कुलूप लावत होते. "बडेबाबू, बॉटनीचे सर तिकडचे की इकडचे?"

"तिकडचे," ते म्हणाले. "म्हणजे देखो मॅडम, सर्व्हिस बुक माह्याजवळ, पगार मी काढतो. लेकिन आदमी तिकडं."

मी लॅबमध्ये येऊन पांढरकवड्याला फोन लावला. तिकडच्या बडेबाबूंना तोच प्रश्न.

"इकडचे कुठं? तुमचेच ते," ते म्हणाले. "माणूस माह्यासमोर आहे, पण सर्व्हिस बुक तुमच्याकडं. प्रतिनियुक्तीवर आहेत ना. मी कायले त्यांचं नाव देऊ?"

घ्या! दोघंही खरंच बोलत होते. त्यांनी सांगितलं तसंच मी केलं होतं, त्यामुळे चूक माझी नव्हती, हे मी आजही कुणालाही ऐकवायला तयार आहे. पण एक चालताबोलता माणूस दोन कॉलेजांनी मिळून कुठलाच ठेवला नव्हता. सरांची जुनी पेटी होती तिथंच होती, फक्त तिच्यात काही पडू दिलं जात नव्हतं. आणि तीच पेटी ते पांढरकवड्यात बसून उघडत असणार.

"सर आहेत का तिथं?" मी विचारलं.

"आहेत ना. सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून राह्यले. डबा बी उघडला नाही. आता उठतो म्हणत होते, कुठं तरी फॅक्स करायचा आहे म्हणे. देऊ का फोन?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून ताईंना ते जसंच्या तसं सांगितलं. ताईंनी जोरजोरात नकाराची मान हलवली, पण चेहरा असा झाला होता की मला बघवेना. "नका देऊ," मी बडेबाबूंना म्हटलं. "पण त्यांना उठू देऊ नका. सांगा, मेल दुरुस्त होऊन राह्यला, थोडं थांबा."

तिकडं गेलेल्यांच्या यादीतून मी सरांचं नाव काढून टाकलं. एका ओळीचं काम. परवानगी कुणाची घ्यायची होती ते मला माहीत होतं, घेतली नाही. जुन्या सर्व्हरला एकदाचं कळलं की सर कुठं गेलेले नाहीत, इथंच आहेत.

"सोडू, ताई?"

ताईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. मी सगळी अडकलेली पत्रं सोडली. स्क्रीन रिकामी झाली आणि मग मला सुचलं की एकच सोडायला हवं होतं. आता काय, गेली ती गेली.

आम्ही दोघी बसून राहिलो. बाहेर शिपाई खोल्यांच्या खिडक्या लावत होता. ताई म्हणाल्या, "गेले असतील ते फॅक्स करायला." मी म्हटलं, "गप बसा हो." एवढ्यात फोन वाजला, आणि आम्ही दोघीही दचकलो.

"मॅडम," सर होते. आवाज खालच्या पट्टीत, बडेबाबू शेजारीच असणार. "मला एक मेल आलाय. म्हणजे एकच आहे, पण पुष्कळदा आलाय. सिस्टिममध्ये काही बिघाड आहे का?"

"आहे ना सर. सिस्टिममध्ये बिघाडच बिघाड आहे. पण मेलमध्ये नाही."

"कुणी थट्टा केली नाही ना? इतक्या वेळा कोण कशाला... नाही, मला राग नाही येणार. फक्त सांगा. मला निघायचं आहे."

किती वर्षं ह्या माणसाला कुणी हो म्हटलं नसेल, असं माझ्या मनात आलं. मी ताईंकडं पाहिलं. ताई उठल्या. पदर सारखा केला, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. लायब्ररीत कधी न ऐकलेल्या आवाजात, पलीकडच्या बडेबाबूंनाही सहज ऐकू जाईल अशा, त्या म्हणाल्या:

"अहो, ते फॅक्सचं राहू द्या. आधी जेवून घ्या."

लॅब माझी होती, तरी मी उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.