पलीकडचा फलाट

आमच्या स्टेशनवर सोयी नाहीत असं कोणी म्हणू नये. दोन फलाट आहेत, थंड पाण्याची टाकी आहे, नव्या पत्र्यांची शेड आहे, लोखंडी पूल आहे. पूल नव्हता तेव्हा सगळं गाव रुळांवरूनच जायचं. मालगाडी उभी असली की डब्यांखालून वाकून निघायचं. आधी पिशव्या सरकवायच्या, मग आपण. माझे बाबा रेल्वेत गँगमन. याच रुळांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. पूल झाला तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचले. मी शाळेत मास्तरीण. गाडीखालून कोणी गेलं तर तंगडी मोडीन, असा पोरांना दर सोमवारी दम भरते.

त्या पुलाला चाळीसेक पायऱ्या आहेत आणि बाबांच्या गुडघ्यांत आता जीव नाही. रॅम्प होणार म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी सकाळी नागपूरहून आतेभावाचा फोन आला. माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, सहा महिन्यांपासून कोणालाच ओळखत नव्हती. पोटच्या पोराला ‘साहेब’ म्हणायची.

"मामाले घेऊन लवकर ये," तो म्हणाला. "आज आई सगळ्यायले वळखून राह्यली. सकाळपासून मामाचंच नाव हाय तोंडात."

बाबांनी दाढीसुद्धा केली नाही.

स्टेशनवर पोचलो, तर पॅसेंजर पलीकडच्या फलाटावर येणार होती आणि मधल्या रुळावर कोळशाची मालगाडी आडवी उभी. बाबा सरळ फलाटाच्या टोकाकडे निघाले.

"कुठं चालले?"

"खालून निंगतो. दोन मिनिटाचं काम. हिचा सिग्नल लाल हाय, हलत नाई ते. मले शिकवतं काय वं?"

"बाबा, नाही म्हणजे नाही!" मी ओरडलेच. दंड धरला त्यांचा. चार माणसं बघायला लागली, तसे ते कसनुसं हसले आणि पुलाकडे वळले.

"चाल, मास्तरीणबाई."

एक पायरी, दम. दुसरी पायरी, पुन्हा दम. पुलाच्या मधोमध होतो तेव्हा पॅसेंजर आली. मी वरून हात हलवले, घसा फुटेस्तोवर ओरडले. कोण ऐकतं? बाबा कठडा धरून उभे. आमच्या पायांखालून गाडी निघून गेली. आणि ती मेली मालगाडी जागची हललीसुद्धा नव्हती. काय करायला हवं होतं मी, धरायला की सोडायला? अजून कळत नाही.

मग रिक्षा, मग हायवेवरून बस. नागपूरला पोचेस्तोवर दुपार कलली.

आतेभाऊ दारातच मान खाली घालून उभा होता. आत्या खाटेवर बसलेली, केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं. बाबा जाऊन तिच्या शेजारी टेकले.

"बाई, मी आलो."

तिनं त्यांना नीट न्याहाळलं, पदर सावरला.

"तुमी तिकडं खुर्चीवर बसा, भाऊसाहेब," ती म्हणाली. "इथं माहा भाऊ बसन. येऊन राह्यला तो."

मला वाटलं, आता बाबा माझ्याकडे पाहतील. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिनं दाखवलेल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"येतेच तो, बाई," ते म्हणाले. "गाडी लेट हाय."