उल्मेकेन आपांचा गुप्त शब्द

आमच्या काराओझेक गावात कुऱ्हाडीला कुऱ्हाड न म्हणणारी एकच बाई उरली आहे. उल्मेकेन आपा. त्या म्हणतात ‘तोडणारं’. दुकानात जाऊन “एक तोडणारं दे रे, चांगल्या दांड्याचं,” म्हणाल्या की नवा दुकानदार आधी कात्री काढतो, मग पक्कड काढतो, आणि मग आपा त्याची अक्कल काढतात.

कारण त्यांचे सासरे बाल्ताबाय, आणि बाल्ता म्हणजे कुऱ्हाड, बाय म्हणजे पैसेवाला. जुन्या वळणाची सून सासऱ्याचं, थोरल्या दिरांचं, नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. दिरांना तिनं आपल्या मनानं नावं ठेवायची. आता नावं ठेवायची म्हटल्यावर आपांचा हात कोण धरणार? एक दीर ‘टोपीवाले’ झाले, एक ‘मिर्झा’, आणि ज्यानं कुणाला कधी वाळलेल्या दह्याची गोळीसुद्धा दिली नाही, त्याला त्या ‘दानशूर’ म्हणायच्या. तो बिचारा मरेपर्यंत खूश होता.

नवऱ्याला ‘आमचा म्हातारा’. लग्न झालं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, तेव्हापासून म्हातारा.

मी दारिगा. गावच्या पोस्टात तीस वर्षं खिडकीमागे बसते. मी माझ्या सासऱ्याचं नाव घेते, आणि डोकं फिरलं की त्याच्या पुढे दोन विशेषणंही लावते. त्यामुळे आपांच्या लेखी मी वाया गेलेली सून आहे. तरी रोज सकाळी चहाला पोस्टात येतात, कारण त्यांच्या मते गावातला बरा चहा वाया गेलेल्या बायकाच करतात.

बाई भित्री नाही. उंचीनं दाराच्या चौकटीला लागते, डोक्याला, गळ्याला वेढणारं पांढरंशुभ्र किमेशेक, वरच्या ओळीत चार दात सोन्याचे. सिर नदीकाठच्या भातखाचरांत पंचवीस वर्षं मुकादम होती. तिची हाक या बांधावरून निघाली की चौथ्या बांधावरचा माणूस कंबर सरळ करून कामाला लागायचा. पण आडनाव विचारा, गप्प. आडनाव बाल्ताबायेवा ना! दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं, “आडनाव?” तर म्हणाल्या, “तुझ्यासमोर कागद आहे, बाळा. देवानं दोन डोळे दिलेत, एक तरी वापर.”

तीन वर्षांपूर्वी बँकेची गाडी आमच्या पोस्टाच्या अंगणात आली. तोवर पेन्शन मी द्यायची, नोटा मोजून, हातात. नोट घेताना म्हातारी माणसं घरचं दुखणं-खुपणं सांगायची, मी ऐकायची. आता म्हणे कार्ड. मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही, आणि हे मी बँकेच्या पोराला तोंडावर सांगितलं. तो बेकझात नावाचा, टाय लावलेला, गळ्याला फास बसल्यासारखा लालबुंद. तरी चहा दिला मी त्याला.

त्यानं आपांना समजावलं, “आपा, एक गुप्त शब्द ठरवायचा. कार्ड हरवलं, कुणी पैसे काढू लागलं, तर फोनवर हा शब्द सांगितला की बँक तुम्हाला ओळखणार. असा शब्द निवडा, जो तुम्ही कधीच कुणाला सांगणार नाही.”

“कधीच?”

“कधीच. पोटच्या पोरालासुद्धा नाही.”

आपांनी अर्धा पेला चहा होईतो विचार केला. मग ओळखपत्र पुढे केलं, आडनावावर बोट ठेवलं, आणि शेवटची अक्षरं अंगठ्यानं झाकली. म्हणजे उरलं फक्त बाल्ताबाय.

मी ओरडले, “अहो पण हा शब्द तुमच्या कार्डावर छापून येणार! चोराला चावीबरोबर घराचा पत्तापण देताय!”

बेकझात म्हणाला, “सिस्टीमनं घेतला.” सिस्टीमनं घेतला म्हणजे देवानं घेतला. आपा ताठ मानेनं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “माझा शब्द कुणाच्या बापाला काढता यायचा नाही.” दुःख एवढंच की ते अगदी खरं निघालं.

पुढच्याच वर्षी म्हातारा गेला. वर्षश्राद्धाला घोडा कापला, सगळं गाव जेवलं, आणि दगडाचे पैसे उरले नाहीत. त्याची कबर नुसत्या मातीची राहिली. आपांनी पेन्शन साठवायला घेतली. कझालीच्या पाथरवटानं करड्या दगडाचे सहा लाख चाळीस हजार तेंगे सांगितले होते. या वसंतात ते पुरते जमले, कार्डावर. आपा मला रोज सांगायच्या, “बर्फ गेलं, रस्ता वाळला की दगड आणायचा.”

रस्ता वाळला, आणि एका मंगळवारी अकराच्या सुमारास आपा फोन कानाला लावूनच पोस्टात शिरल्या. रांगेत एकटा सादवाकास होता. त्याचे आठ उंट आहेत आणि तो प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीत सल्ला देतो, त्यामुळे गावात उंटावरचा शहाणा कुणाला म्हणावं हा प्रश्न पडत नाही.

“नाही बाळा,” आपा फोनमध्ये म्हणत होत्या, “बाकी सगळं दिलं ना तुला? मग हे कशाला मागतोस?” मग माझ्याकडे वळून, “बँकेचा पोरगा आहे. फार गोड बोलतो. माझ्या गुडघ्यांचीपण चौकशी केली. माझ्या नावावर कुणी चोर कर्ज काढतोय म्हणे, हा त्याला थांबवणार आहे. पण अर्धा तास झाला, शब्द मागतोय.”

मी हातातला शिक्का खाली ठेवला. “आपा, बाकी सगळं म्हणजे काय दिलंत?”

“कार्डावरचे आकडे. पाठीमागचे तीन. मेसेजात आले तेपण. आकडेच तर आहेत, आकड्याला कुठं सासर असतं?”

मी खिडकीमागून बाहेर आले. तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या बाजूला मी क्वचितच येते. फोन हिसकावला आणि कानाला लावला. पलीकडे खरंच मधासारखा आवाज. “आपा, लाजू नका, मी तुमच्या नातवासारखा. तो शब्द दिलात की मोठी रक्कम सुरक्षित खात्यात हलवतो.”

“तुझ्या आजीला विचार, तिनं तुला जन्मल्याबरोबर सिर नदीत का नाही सोडलं,” मी म्हटलं आणि फोन बंद केला.

“अगं! बँकेच्या माणसाशी असं बोलतात?”

“आपा, तो बँकेचा नाही. बँक कधी आकडे विचारत नाही. तोच चोर आहे!”

आपा हसल्या. चोर चोराला कशाला थांबवेल, असं त्यांना म्हणायचं होतं. तेवढ्यात त्यांच्या बटणांच्या फोनवर मेसेज वाजला. मी वाचला. खरेदी, बेचाळीस हजार.

“बेचाळीस हजारात काय येतं?” सादवाकासनं हिशेब केला. “चांगलं खोगीर येतं.”

आपांचं हसू तिथंच राहिलं. “दारिगा,” त्या म्हणाल्या, “माझा दगड.”

कार्डाच्या पाठीवर बँकेचा नंबर असतो. तोच लावायचा, फोनवर कुणी सांगेल तो नाही. मी लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. नाव साल्तानात, आवाज शांत.

“कार्ड बंद करते, आपा. पूर्ण नाव सांगा.”

“उल्मेकेन.”

“आडनाव?”

“ते कार्डावर आहे.”

“माझ्यासमोर आहे, आपा, पण तुम्ही सांगायला हवं.”

“तुझ्यासमोर आहे तर मला का विचारतेस? परीक्षा घेतेस?”

“हो आपा. परीक्षाच घेते. बरं, आडनाव राहू द्या. गुप्त शब्द सांगा.”

आपांनी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. चार सोन्याचे दात दिसले, शब्द काही आला नाही. मेसेज वाजला. नव्वद हजार.

“मेंढी गेली,” सादवाकास म्हणाला. “खोगीर आणि वर मेंढी.”

मला राहवलं नाही. फोन ओढला, आवाज जाड केला. “उल्मेकेन बाल्ताबायेवा बोलतेय. शब्द बाल्ताबाय. चल, बंद कर.”

मुलगी म्हणाली, “तुमचा आवाज बदलला.”

“सर्दी झाली.”

“आत्ताच्या आत्ता?”

“आमच्याकडं वारा वाईट आहे.”

“दुसरी व्यक्ती ग्राहक असल्याचं भासवते आहे, अशी नोंद करतेय. कृपया फोन मूळ ग्राहकाकडे द्या.”

तीस वर्षांत माझ्या खिडकीतून एक तेंगे इकडचा तिकडे गेला नाही. खऱ्या चोराला खोगीर आणि मेंढी, आणि नोंद माझी! माझ्याच काचेवर माझ्याच अक्षरात कागद चिकटवलेला आहे, ‘आपलं नाव दुसऱ्याला वापरू देऊ नका’. सादवाकासनं तो नेमका तेव्हाच मोठ्यानं वाचला.

आपांनी फोन घेतला. “पोरी, ऐक. लाकडं कशानं तोडतात? ते. आणि त्याच्यापुढं पैसेवाल्या माणसाला काय म्हणतात? ते. दोन्ही जोड.”

“आपा, मला कळलं,” मुलगी हळूच म्हणाली. “माझी आजीपण आजोबांच्या थोरल्या भावाला ‘पांढरा घोडा’च म्हणायची. पण शब्द तुमच्याच तोंडून यायला हवा. हे सगळं रेकॉर्ड होतं.”

“रेकॉर्ड? म्हणजे कायमचं राहणार?”

“पाच वर्षं.”

आपांनी फोन टेबलावर ठेवला, जणू तो पोळला. तिसरा मेसेज आला, पंचावन्न हजार. सादवाकासनं तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

माझा संताप संताप झाला. मी वडीलधाऱ्यांवर ओरडत नाही, त्या दिवशी ओरडले. “आपा, कुणाचा मान राखताय? सासऱ्यांचा? अहो, त्यांचाच लेक दोन वर्षं नुसत्या मातीखाली पडलाय, पावसानं कबर खचतेय! त्यांच्या लेकाचा दगड चोर उचलून नेतोय, आणि तुम्ही त्यांच्या नावाला जपत बसलाय! ते असते तर तोडणारं घेऊन धावले असते!”

आपा माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण त्यांनी किमेशेक सारखं केलं आणि खिडकीपाशी गेल्या. तिथून रेल्वेरुळापलीकडची कबरस्तानाची टेकडी दिसते. नवी नवरी सासरच्या थोरांना करते तसा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून, वाकून मुजरा केला. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघे कटाकटा वाजले.

“माफ करा,” त्या टेकडीला म्हणाल्या. मग फोनपाशी येऊन पुटपुटल्या, “बाल्ताबाय.”

“आपा, नीट ऐकू नाही आलं.”

सादवाकासनं कपाळावर हात मारला. आपांनी छाती भरून श्वास घेतला, आणि भातखाचरातली ती जुनी हाक निघाली. “बाल्ताबाऽऽय!”

काच थरथरली. बाहेर बांधलेली सादवाकासची सांडणी ताडकन उठून उभी राहिली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“कार्ड बंद झालं,” मुलगी म्हणाली. “चार लाख त्रेपन्न हजार शिल्लक आहेत. गेलेल्या पैशांची तक्रार नोंदवून घेतली. आजच पोलिसांतही द्या, पोचपावती जपा. परत मिळतील असं वचन मी देत नाही.”

आपा पार्सलच्या वजनकाट्यावरच बसल्या. काट्यानं चौऱ्याऐंशी किलो दाखवलं. मी पाणी दिलं तर हातातच राहिलं, आणि बाई रडायला लागली. म्हातारा गेला तेव्हा चारचौघांत इतकी रडली नव्हती.

“लग्नानंतरचा पहिला हिवाळा, दारिगा. मी नदीपलीकडं बघून रडायची. सासू म्हणायची, रडून रडून गप्प बसेल. सासरे मात्र एक शब्द न बोलता घसरगाडीला घोडा जोडायचे आणि बर्फावरून मला माझ्या आईकडं नेऊन आणायचे. दर शुक्रवारी. त्या माणसाला मी बावन्न वर्षांत एकदा हाक मारली. तीसुद्धा एका लुच्च्यापायी.”

“मारली तर खरी,” मी म्हटलं.

“आपा,” फोनमधून मुलगी म्हणाली. ती अजून तिथंच होती. “नव्या कार्डासाठी नवा शब्द लागेल. जुना आता चालणार नाही.”

“जुना अख्ख्या तालुक्यानं ऐकला,” सादवाकास म्हणाला.

मी आपांना बजावलं, “या वेळी डोकं वापरा. घरातलं नाव नको, गावाला ठाऊक असलेलं काही नको. कोंबडीचा रंग सांगा, काहीपण सांगा.”

आपांनी डोळे पुसले. एकदा टेकडीकडे पाहिलं. मग आम्हाला म्हणाल्या, “कान झाका.”

सादवाकासनं इमानानं दोन्ही कान झाकले. मीही हात वर नेले, पण बोटं सैल ठेवली.

पन्नास वर्षं आपल्या म्हाताऱ्याला जेवायला बोलवायचं तर ही बाई अंगणात उभी राहून झाकणावर पळी वाजवायची. त्यालाही ते सवयीचं झालं होतं, पळी वाजली की यायचा. आता तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि त्याचं नाव घेतलं. कुजबुजली नाही, लाजली नाही. चहा निवतोय, ये आता, असं अंगणातल्या माणसाला म्हणावं, तितक्या साध्या आवाजात.

“नोंद झाली,” मुलगी म्हणाली.