पुरेमावशी

चर्चच्या मागच्या खोलीत दर रविवारी उपासना संपली की एक घडीचं टेबल मांडलं जातं आणि त्यामागे पुरेमावशी बसतात. हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाही, लोकांनी बहाल केलंय. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेली नवी जोडपी पुस्तकं निवडायला त्यांच्याकडे येतात. दिसेल ते उचलून पिशव्या तुडुंब भरतात, आणि मावशी त्यातलं एकेक काढून मागच्या फळीवर ठेवत म्हणतात, "एवढं पुरे." माणसं आधी फुरंगटतात. वर्षाने आभार मानायला येतात तेव्हा मावशींना त्यांचे चेहरे आठवत नाहीत, पुस्तकं मात्र आठवतात.

मावशींचा मूळ धंदा शिवणकामाचा. त्यांनी स्वतःच्या दोन पोरांना घरीच शिकवलं, तेही मशीन चालवता चालवता. तेव्हा घरी शिकवणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तकं कुठली असायला! बेरीज-वजाबाकी बटणांवर झाली, पाढे मोजपट्टीवर, आणि वाचन बायबलातल्या गोष्टींवर. पोरं शिकली. थोरली परगावी नर्स झाली, धाकटा विजेच्या तारा दुरुस्त करतो. वाया कुणी गेलं नाही, एवढ्यावर मावशी खूश आहेत, आणि माझ्या मते त्यांनी असावंच.

पुस्तक पारखायची त्यांची पद्धत साधी. पहिलं पान बघायचं नाही. "पहिलं पान सगळ्यांचंच गोड असतं," त्या म्हणतात, "मधलं उघडा." मग ते पान आईने किंवा बापाने तिथेच, मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचायचं. वाचणाऱ्याला धाप लागली तर पुस्तक परत. पोर खुर्चीवरून घसरत दाराकडे निघालं तरी परत. आणि जे पुस्तक समजून घ्यायला आणखी एक पुस्तक लागतं, ते पहिल्या वर्षी घरात आणायचंच नाही. वाचन, गणित आणि देवाचं वचन एवढंच पुस्तकातून, बाकीचं अंगणात, बाजारात आणि स्वयंपाकघरात आपसूक शिकून होतं. अति तिथे माती, हे त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र.

पण पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. गावभरच्या आया मावशींना विचारून पाऊल टाकायच्या, आणि घरच्या सूनबाईने मात्र नातीसाठी परस्पर एक खोकं मागवलं. खोकं कसलं, कपाटच! दाराच्या दोन्ही फळ्या उघडाव्या लागल्या. आत वाचन, लेखन, गणित, निसर्ग, इतिहास, नकाशे, गीतं, शिकवणाऱ्यासाठी मार्गदर्शिका आणि मार्गदर्शिका कशी वापरावी याची आणखी एक पुस्तिका. वर भिंतीवर लावायचं वेळापत्रक. प्रार्थनेला सुद्धा मिनिटं नेमून दिलेली.

मावशींचे यजमान जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, त्यामुळे सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. ते वेळापत्रकासमोर चष्मा लावून उभे राहिले.

"इतकं काटेकोर तर माझं एकही घड्याळ चाललं नाही बुवा," ते म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," मावशी हळूच म्हणाल्या. "तिने विचारलंय का आपल्याला?"

तिने विचारलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. सूनबाई पूर्वी प्रयोगशाळेत कामाला होती. थेंब मोजून काम करायची सवय, त्यामुळे खोक्यातला एकही कागद सुटता कामा नये असा तिचा हट्ट. पोर माझी आहे आणि चूक झाली तर तीही माझीच, असं ती म्हणायची. मावशींनाही ते पटायचं. म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. जिच्या जिभेवर दिवसभर "पुरे" असतं तिला हे कुलूप किती जड गेलं असेल, तुम्हीच बघा.

नात, ठमी, सहा वर्षांची. पूर्वी साबणाच्या कागदापासून दुकानाच्या पाटीपर्यंत दिसेल ते वाचत सुटायची. आता धड्याची वेळ झाली की तिच्या पोटात दुखू लागलं. पुस्तकं पलंगाखाली सापडू लागली. दिवसाचं राहिलेलं सूनबाई शनिवारी घ्यायची, शनिवारचं राहिलेलं रविवारी उपासनेनंतर. शिकवता शिकवता तिच्या नाकी नऊ आले. शेवटी एकदा जेवताना मुलगाच म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत बघू. नाहीच जमलं तर शाळेत घालू तिला." पोरीला स्वतः शिकवायचं म्हणून सूनबाईने नोकरी सोडली होती.

मग एका शनिवारी जेवणाआधी ठमीची प्रार्थना म्हणायची पाळी आली. तिने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे देवा, तू सहा दिवसांत सगळं जग केलंस आणि सातव्या दिवशी सुट्टी घेतलीस. आमचं मात्र रविवारी पण राहिलेलं असतं. आमेन."

घड्याळजींना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात लपवलं, पण खोकला काही जमला नाही. सूनबाई उठून आत गेली आणि स्वच्छ ताटं पुन्हा धुवत बसली. मावशी दारापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. न विचारता दिलेला सल्ला टोचतो, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलापुढे नेहमीची रांग लागली. एक जोडपं गेलं, एक आजोबा गेले, आणि मावशींनी मान वर केली तर समोर सूनबाई. एका हातात ठमी, दुसऱ्या हातात पिशवी. घरातल्या घरात विचारायचं सोडून रांगेत उभी!

मावशींना भरून आलं. पण त्या समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून, कुणालाही म्हणतात तशाच म्हणाल्या, "बस, बाई. पहिलंच वर्ष?"

"हो," सूनबाई म्हणाली.

"लेकरू किती वर्षांचं?"

"सहा."

"आजी, तुला माहितीये ना!" ठमी ओरडली.

"तू गप गं. इथे सगळ्यांना विचारते मी."

सूनबाई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मला नाही जमत, आई. माझंच काहीतरी चुकतंय."

"काही चुकलं नाही. तू माया सोडली नाहीस, एवढंच." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. "पोर वाढतं, बाई. उसवून मोठं करायला जागा नको का? तुझा आठवडा अगदी मापात बेतलाय, म्हणून काचतोय. त्या खोक्यातलं वाचनाचं पुस्तक मात्र छान आहे हं."

"तुम्ही कधी वाचलंत?"

"तू आंघोळीला गेलीस की."

ते पुस्तक पिशवीत होतंच. सूनबाईने मधलं पान उघडलं आणि वाचायला लागली. ना घड्याळ, ना मार्गदर्शिका. वाचता वाचता ती खोकायला थांबली, तर तिच्या कोपराखालून ठमीचं डोकं वर आलं आणि पुढची ओळ ठमीनेच वाचली. त्याच्या पुढचीही. सूनबाईने पुस्तक तिच्याकडे सरकवलं. रांगेतलं कुणी हललं नाही.

"हे पुस्तक," मावशी म्हणाल्या, "हे एक गणिताचं पातळसं, आणि बायबल घरी आहेच. बाकीचं खोकं इथे आणून ठेव, दुसऱ्यांना होईल."

इथवर सगळं रिवाजाप्रमाणे झालं. पण नातीचं वाचन कानात घुमत होतं ना! मावशी उठल्या. त्यांनी फळीवरून चित्रांचं एक पुस्तक काढून पिशवीत टाकलं. मग गाण्यांचं एक. मग "हे असू दे गं, पातळच आहे" म्हणत कोड्यांचं, आणि मग एक पक्ष्यांचं हातात घेतलं.

सूनबाईने शांतपणे एकेक पुस्तक काढून परत फळीवर ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "पुरे."

रांगेतल्या सगळ्यांना हसू फुटलं. मावशींच्या हातात ते पक्ष्यांचं तेवढं उरलं होतं. त्यांनी ते पदराने पुसलं आणि ओशाळून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे एक... मायेपुरतं?"

सूनबाईने त्यांच्याकडे बघितलं, आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं.