चैतूला मिळालेले शून्य गुण

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत सनस्क्रीनच्या दोन बाटल्या, वाघ बघायला दुर्बीण आणि ‘अतिदक्षता विभागातील संवादकौशल्ये’ या विषयावरच्या बहात्तर स्लाइड्स होत्या. बारा वर्षं मी आयसीयूत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे. यंत्रांच्या गराड्यात आणि औषधांच्या गुंगीत माणूस भांबावतो, त्याला भास होतात, दिवस की रात्र ते कळेनासं होतं. त्याला आणि त्याच्या घरच्यांना सावरणं हे माझं काम. चंद्रपूरच्या एका रुग्णालयाने तिथल्या परिचारिकांना हे शिकवायला बोलावलं, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, “तिकडे तुझी फार गरज आहे गं.” मलाही ते मनापासून पटलं होतं.

चंद्रपूरला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आमच्याकडच्या भर दुपारचं होतं. रिक्षावाले भाऊ आरशातून बघत म्हणाले, “काऊन आल्या मॅडम एवढ्या उन्हात? वाघ पाहाले?”

“नाही, कामाला आले.”

“मंग वाघ पाहूनच जा. काम तं तिकडंबी राह्यते.”

वाटेत त्यांनी मला तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्यांचा झणझणीत लाल रस्सा) खायला घातले. “तिखट कमी” असं मी बजावलं होतं, आणि ते कमीच आहे असं गाडीवाल्याने शपथेवर सांगितलं. त्यानंतर तासाभराने मी वीस परिचारिकांना शांत, संथ श्वास कसा घ्यावा हे उचक्या देत शिकवलं. त्या बिचाऱ्यांनी उचक्यांसकट वहीत उतरवून घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी मला सहा नंबरची खाट मिळाली. खाटेवर चैतू नावाचे साठीचे गृहस्थ होते, अहेरीच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावचे. मोहफुलं वेचताना अस्वलाने धरलं होतं. खांदा आणि छाती फाटली होती. व्हेंटिलेटर काढून चार दिवस झाले होते. पण ते नळ्या उपसून उठायला बघत, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले होते.

“सारखी बडबड करतात, काही अर्थ लागत नाही,” सिस्टर म्हणाल्या. सिस्टर नागपूरच्या, डॉक्टर लातूरचे आणि मी पुण्याची. एका माणसाचं म्हणणं समजायला एवढा महाराष्ट्र पुरेसा आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी खुर्ची ओढली आणि चाचणी सुरू केली. “आज वार कोणता?”

चैतूंनी माझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात एक वाक्य म्हटलं. मला कळलं नाही.

“आपण कितव्या मजल्यावर आहोत?” पुन्हा तेच वाक्य.

“राज्याचे मुख्यमंत्री कोण?” तेच, जरा मोठ्याने.

“शंभरातून सात वजा करत या बघू.” या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शंभरातून सात वजा करताना माझ्याही डोळ्यांत येतं, म्हणून मी ते नोंदवलं नाही.

दहापैकी शून्य. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं हे भांबावल्याचं कसं उत्तम लक्षण आहे, ते मी परिचारिकांना समजावून सांगितलं. मग फाइलवर लिहिलं: तीव्र संभ्रमावस्था, हात बांधलेलेच ठेवावेत, नातेवाइकांना भेटायची मनाई चालू ठेवावी. खाली झोकदार सही केली. लादी पुसणाऱ्या मावशी मॉप धरून आमच्याकडे बघत उभ्या होत्या. सिस्टरनी त्यांना कोपरा राहिल्याची आठवण करून दिली.

लगेच पुढचा दिवस रविवार, सुट्टीचा, तेव्हा मी ताडोबाच्या मोहर्ली गेटवर गेले आणि पहाटेच्या जिप्सीतून जंगलात शिरले. बरोबर ठाण्याचं एक कुटुंब आणि त्यांचा हातभर लांब कॅमेरा होता. गाइड ज्योती तिथल्याच गावची. दोन तास नुसती धूळ खाल्ली, पळसाची फुलं बघितली. मग कुठूनतरी एक वानर खाकरल्यासारखं ओरडलं आणि ज्योतीने हात वर केला.

“चूप राहा. वाघ आल्याचा कॉल देऊन राह्यलं.”

इंजिन बंद झालं. शिकलीसवरलेली पाच माणसं श्वास रोखून एका माकडाचं म्हणणं ऐकू लागली. ते पुन्हा ओरडलं, पुन्हा तसंच.

“सारखं एकच काय ओरडतंय?” मी कुजबुजले.

“एकदाच ओरडलं तं भुललंबी असन, मॅडम. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून राह्यलं म्हंजे खबर पक्की. त्याले दिसून राह्यलं, आपल्याले नाई.”

मला सहा नंबरच्या खाटेवरचं ते एकच वाक्य आठवलं. वानराच्या बोलण्याचा अर्थ कळावा म्हणून मी महिनाभर आधी जागा राखून ठेवली होती. इकडच्या आदिवासींची गोंडी नावाची भाषा आहे, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. ती कोणी बोलतं, आणि चक्क माझ्याशी बोलू शकतं, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वाघ दिसला नाही. ठाणेकर हळहळले.

दुपारी केसांतल्या धुळीसकट मी थेट वॉर्डात गेले. मावशी लादी पुसत होत्या. मी विचारलं, “मावशी, सहा नंबरचे बाबा काय म्हणतात, तुम्हाला कळतं का?”

“कळते ना. गोंडी बोलून राह्यले ते. आमच्या घरीबी तेच बोलते.”

“काय म्हणतात?”

“माही बायको वाचली, का अस्वलानं तिलेबी मारलं? एवढंच. पाच दिसांपासून तेच विचारून राह्यले.”

“मग सांगितलं का नाही कोणाला?”

“मले कोणी विचारलं काय?” त्यांनी मॉप पिळला. “पयल्या दिवशी बोलाले गेली, तं सिस्टर म्हणे, पेशंटशी बोलाचं नाई.”

पुढचं गेटवरच्या रखवालदाराने सांगितलं. “सहा नंबरची बाई? ते काय, निंबाखाली बसली. फाइलीत मनाई हाये ना, मॅडम.” नंतर कळलं, अस्वल बायकोकडे वळलं तेवढंच चैतूंनी शुद्ध हरपण्याआधी पाहिलं होतं. ओरडून माणसं गोळा करणारी, त्यांच्यासोबत अॅम्ब्युलन्समधून आलेली त्यांची बायको मैनीबाई तेव्हापासून पन्नास पावलांवर बसून होती. तो खाटेवरून उठायचा तिला शोधायला, म्हणून आम्ही त्याला बांधलं. बांधलेला म्हणजे बेचैन, म्हणून आम्ही तिला अडवलं. मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल.

मैनीबाईंना आत नेलं. डॉक्टरांना बोलावलं आणि पट्ट्या मी माझ्या हाताने सोडवल्या. चैतूंनी आधी तिचा दंड चाचपला, मग चेहरा. मैनीबाईंनी त्यांना जे झापायला सुरुवात केली, ते समजायला कुठलीच भाषा लागत नव्हती. चैतूंनी काहीतरी विचारलं आणि दोघंही रडत रडत हसली. मोहफुलांची टोपली अस्वलानेच संपवली, असं मावशींनी मला सांगितलं. घटकाभरात चैतू गाढ झोपले, आणि नळीला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

मग मैनीबाई माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या. मी हसून मान डोलावली. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मी पुन्हा हसले.

“काय म्हणतात त्या, सगुणाबाई?” मी मावशींना विचारलं. त्यांचं नाव मला अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं.

सगुणाबाई अवघडल्या. “ते म्हणून राह्यल्या, ह्या बाईले काही समजते का नाई? नुसती हासून राह्यली.”

“त्यांना सांगा,” मी म्हटलं, “अजून नाही.”

परतीच्या गाडीत मी अहवाल लिहायला बसले. प्रशिक्षण यशस्वी झालं, परिचारिकांचा प्रतिसाद उत्तम होता, असल्या ओळी मला झोपेतही लिहिता येतात. खिडकीबाहेर वर्धा मागे पडलं तरी कागद कोराच होता. शेवटी लिहिलं: सहा नंबरच्या खाटेवर एक शहाणा माणूस होता. त्याची बायको जिवंत आहे का, एवढंच तो विचारत होता, आणि आपण पाच दिवस त्याचे हात बांधून ठेवले. त्यातला शेवटचा दिवस माझ्या सहीने.