डच नोटिशीखालची माझी सही

लग्नानंतर मी पांढुर्ण्याहून रोज बसने सौसरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जात होते. घरचा संत्र्यांचा व्यापार, कशाची ददात नाही. सुनेने बसस्टँडवर ताटकळत उभं राहावं हे सासऱ्यांना पटत नव्हतं. दिवाळीनंतर मी राजीनामा द्यायचा, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. मी आतल्या आत धुमसत होते.

अशातच हॉलंडहून एकामागून एक तीन पाकिटं आली. धाकटे दीर तिथे वर्षभर फळबागांचं शिक्षण घेऊन परतले होते आणि खोलीच्या विजेचं बिल तसंच राहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "तिथंबी कागदच येऊन राहिले होते वहिनी, मांगाले माणूस कोणी आलाच नाई." आमच्या बाजारात वसुलीचा माणूस दाराशी आल्याशिवाय कोणी पैसे काढत नाही. स्वारीने हा रिवाज हॉलंडातही पाळला होता!

पैसे परदेशी पाठवायचे तर नागपूरच्या बँकेला तिन्ही पत्रांचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. खाली इंग्रजी शिकवणाऱ्याची सही आणि शाळेचा शिक्का.

डच मला कुठलं येतंय? पण दिरांनी आणलेला डच-इंग्रजी कोश होता आणि माझा स्वतःवर भरवसा होता. पहिल्या पत्रातलं 'हेरिनरिंग' म्हणजे आठवण, दुसऱ्यातलं 'आनमानिंग' म्हणजे तगादा. तिसऱ्यातला शब्द मालगाडीएवढा लांब, कोशात सापडेना. मग त्याचे डबे सुटे केले, एकेकाचा अर्थ लावला आणि बेधडक लिहिलं, 'नोटीस ऑफ डिफॉल्ट'.

सासऱ्यांनी अर्थ विचारला. सांगितला, तसे ते कळवळले. "कसूरवार? बँकेत चार लोकं वाचतीन. तिथंबी आठवणच लिहून टाक ना, सूनबाई."

"मामाजी, बारीक संत्र्याच्या पेटीवर तुम्ही मोठा माल लिहिता का?"

"कधीच नाई."

"मंग मी कशी लिहू?"

मी सही केली, खाली हुद्दा लिहिला: इंग्रजी शिक्षिका, सौसर. आणि म्हटलंच, "दिवाळीनंतर हे लिहिता येनार नाई मले."

बँकेने कागद पहिल्याच फेरीत घेतले. दिवाळी झाली. राजीनाम्याचा विषय कोणी काढेना, मीही काढला नाही. शाळा उघडली त्या सकाळी मी चपला घालत होते, तर सासरे ओट्यावरून दिरांवर ओरडले, "स्कूटर काढ ना बे! वहिनीची बस निघून राहिली!"