नवऱ्यासाठीचं पिवळं कार्ड

दुपारी ओपीडी संपली की मी आणि डॉक्टरबाई डबे उघडतो. पहिल्याच घासाला दोघींपैकी एक म्हणते, "आज काय झालं ऐकलंस का?" आणि भाजी गार होते. भोरच्या आमच्या छोट्याशा दवाखान्यात सिस्टर म्हणून मला बरीच वर्षं झाली. एवढे किस्से साठलेत, की हसावं का चिडावं कळत नाही. मी बहुतेक वेळा चिडते.

आधी थोडं सांगते. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास, की बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांचा आपोआप जातोही. काही बायकांत मात्र तो मुक्काम ठोकतो आणि पुढे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकतो, म्हणून आम्ही तपासण्या करतो. तो कधी आला, कोणाकडून आला, हे कोणीही सांगू शकत नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची चाचणीसुद्धा नाही. नवऱ्याला फक्त बोलवायचं, चामखीळ वगैरे दिसते का पाहायचं, त्याच्या शंका ऐकायच्या, तंबाखू सोड म्हणायचं आणि बायकोला जप म्हणून सांगायचं. त्यासाठी बायकोच्या हाती एक पिवळं कार्ड देतो. सगळी भानगड त्या कार्डापासून सुरू होते.

*

पानशेतला एकाचं हॉटेल आहे. कार्ड मिळून महिना झाला तरी येईना, म्हणून मीच फोन लावला.

"शिस्टर, शनिवार-रविवार पुण्याची गिऱ्हाइकं असत्यात. सवड न्हाई."

"मग सोमवारी या."

"सोमवारी लई दमल्याला असतो."

"मग कधी येता?"

म्हणाला, "तुमी असं करा ना, तिलाच दोनदा तपासा."

*

उत्रोलीचा एकजण मात्र दिलेल्या दिवशी आला. पण 'स्त्रीरोग विभाग' लिहिलेल्या पाटीखालच्या बाकावर बसेना. कोणी पाहिलं तर? अंगणात मोटरसायकलपाशी उभा राहिला, डोक्यात हेल्मेट, काच खाली. मी बाहेर जाऊन त्या काचेशी पंधरा मिनिटं बोलले. आत माणूस आहे हे मधूनमधून "व्हय" ऐकू यायचं त्यावरून कळायचं.

बोलणं संपलं तसं त्यानं हेल्मेट काढलं, हँडलला अडकवलं आणि गाडीला किक मारून तसाच बोडक्या डोक्यानं हायवेच्या दिशेनं गेला.

*

शिकलेल्यांचं काय सांगावं? एक गुरुजी आले. गोड बोलणं, खिशाला दोन पेनं. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, एक सहकार्य करा. हे माझ्यामुळे झालेलं नाही, एवढं लेटरहेडवर लिहून द्या."

मी म्हटलं, "ते कोणालाच सांगता येत नाही. लिहायचंच तर दोष कोणाचाच नाही, असं डॉक्टरबाई लिहून देतील. तुमचाही नाही आणि वहिनींचाही नाही."

गुरुजी म्हणाले, "तिचं लिहायची गरज नाही."

*

आता सुरेखाचं सांगते. मार्गासनीची, दोन लेकरांची आई. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता आणि पेशींत बदल दिसायला लागला होता. कॅन्सर नव्हता, पण वेळेवर उपचार झाले नसते तर पुढे झाला असता. उपचार दहा-पंधरा मिनिटांचा. तेवढ्यासाठी तिनं यायचं होतं आणि घरच्यांनी तिला येऊ द्यायचं होतं.

सासूनं, पारूबाईंनी, रिपोर्ट ऐकला आणि फर्मान काढलं, "आमच्या घरात असलं पाप न्हाई. हिनंच कुठनं तरी आणलंय." नवरा दत्ता पिकअप चालवतो. त्याला तीन कार्डं गेली. तीनदा मी सासूला फोनवरून समजावलं, की याच्यावरून बाईची चाल कळत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

चौथ्या खेपेला सुरेखा एकटीच आली आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ह्ये काय?"

खाली बघत म्हणाली, "त्यांची लघवी. ह्ये तपासा म्हणाले, आन् त्यांच्यात काय न्हाई अशी चिठ्ठी द्या."

एसटीनं, मांडीवर घेऊन आणली होती तिनं ती. ज्या माणसानं तिच्यावर संशय घेतला, त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा तिनंच वाहून आणायचा! माझा असा संताप झाला, की डॉक्टरबाईंनी मला आधी पाणी प्यायला पाठवलं.

*

सगळेच तसे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. वेल्ह्याकडचा मिलिंद म्हणून एक शेतकरी आहे. कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. "जय भीम, शिस्टर," म्हणून सरळ पाटीखाली बाकावर बसला. माझी नेहमीची टेप सुरू व्हायच्या आत त्यानं विचारलं, "उपचार करताना तिला दुखंल का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाच नवऱ्यानं विचारलाय. एक साधा प्रश्न, आणि त्याचा किस्सा व्हावा, याचाच मला जास्त राग येतो.

*

सुरेखाचा उपचार लांबतच गेला. बाटली आणली त्याच दिवशी करून घे म्हटलं, तर घरच्यांना न विचारता नको म्हणाली. "आदी निकाल, मग दवाखाना," असं सासूचं म्हणणं. रविवारी भावकीची बैठक ठरली. सुरेखाला माहेरी धाडायचं, लेकरं ठेवून घ्यायची.

त्याच्या थोडं आधी मार्गासनीत आमचं तपासणीचं शिबिर झालं होतं. पारूबाई सगळ्यांच्या पुढं घुसल्या होत्या. "माजी तपासा आदी. खऱ्या घरची बाई कशी असती, कळू दे गावाला."

रिपोर्ट बैठकीच्या दोन दिवस आधी आला. डॉक्टरबाईंनी त्यांना एकटीला बोलावून घेतलं. मी शेजारी होते. पॉझिटिव्ह.

"परत वाचा," पारूबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी परत वाचला. घाबरायचं कारण नाही, पुढची तपासणी करू, हा कधी आणि कोणाकडून आला ते सांगता येत नाही, वगैरे सगळं सांगितलं आणि नवऱ्यासाठीचं पिवळं कार्डही दिलं. पारूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुनंचंबी असंच असंल?"

"असंच. तीनदा सांगितलं तुम्हाला."

रिपोर्ट आणि कार्ड कमरेला खोचून त्या उठून गेल्या.

बैठकीचं सुरेखानं सांगितलं. तात्या, म्हणजे तिचे सासरे, मधोमध बसलेले. दत्ता भिंतीला टेकून. सुरेखाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. तात्या बोलायला लागणार, तेवढ्यात पारूबाई आतून आल्या. बायका बैठकीत येत नाहीत, त्या आल्या. हातात स्वतःची पिशवी. ती त्यांनी सुनेच्या पिशवीशेजारी ठेवली.

"जे हिला झालंय तेच मला झालंय. दवाखान्याचा कागद हाय. हिला धाडायची तर मलाबी धाडा. पण त्याआदी, लगीन झाल्यापास्नं म्या हा उंबरा सोडून कुठं गेले, ते ह्यांनी भावकीला सांगावं."

भावकी तात्यांकडे बघायला लागली. तात्या चपला शोधायला लागले.

मंगळवारी सकाळी मी दवाखाना उघडला, तर सुरेखा उपचाराला आलेली. डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं. बाहेर येऊन बघते, तर 'स्त्रीरोग विभाग' पाटीखालच्या बाकावर दत्ता आणि तात्या, शेजारी शेजारी. तात्यांची टोपी गुडघ्यावर. दारात पारूबाई, हातात आमची दोन पिवळी कार्डं.

मी विचारलं, "आधी कोणाला घेऊ?"

पारूबाई म्हणाल्या, "थोरल्यास्नी घ्या. आमच्यात मानपान असतो."