नानकटाईची पद्धत

पद्धत हा शब्द बायकांच्या तोंडी दोन कामं करतो. एखादा पदार्थ कसा करायचा ते हवं असलं की त्या म्हणतात, पद्धत सांगा. आणि तोच पदार्थ खायचा नसला की म्हणतात, आमच्यात पद्धत नाही. येलदरीला धरणाच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हा एका दिवाळीत मी या शब्दाची दोन्ही कामं पाहिली.

माझे यजमान धरणाच्या ऑफिसात क्लार्क होते. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीचे यजमान वीजघरात ऑपरेटर. ते लोक जयभीमवाले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी दंगलीत त्यांचं गावाकडचं घर जळालं. नामांतर पुढे वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं आणि हे कुटुंब या क्वार्टरमधून त्या क्वार्टरमध्ये फिरत राहिलं. आता यजमानांना परभणीला, आपल्या माणसांच्या वस्तीत बदली हवी होती. अर्ज लिहून तयार होता. शेजारणीला मात्र हलायचं नव्हतं. मुलगी दहावीला होती आणि सामान बांधायचा तिला वीट आला होता. तिनं नवऱ्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

"यंदा घरोघर ताटं देते," ती मला म्हणाली. "लोकांनी घेतली तर राहायचं. न्हाई घेतली तर बांधायची बोचकी."

"तुमच्यात दिवाळी असते?"

"दिवाळी न्हाई, वैनी. पण शाळंला सुट्टी हाय ना. सुट्टीत पोरांना खायला लागतंच की."

सुट्टीचं खाणं म्हणजे नानकटाई. मैदा आणि डालडा ती जिंतूरहून एस.टी.नं आणायची. भट्टी नव्हती. जुन्या पातेल्यात पूर्णा नदीची वाळू तापवायची, वाळूवर थाळी, वर झाकण, झाकणावर निखारे. थाळीत जाण्याआधी प्रत्येक नानकटाईवर ती मुलीच्या पेनाच्या टोपणानं तीन गोल उठवायची. फार सुबक दिसायचे.

ताटं द्यायच्या आधी महिला मंडळाची सभा झाली. मंडळाच्या अध्यक्षा मोठ्या साहेबांच्या पत्नी. सगळे त्यांना साहेबीणबाई म्हणत. अध्यक्षपद त्यांना साहेबांच्या बढतीबरोबर मिळालं होतं, जीप मिळते तसं. एकेका बाईनं फराळाची एक पद्धत सांगायची, असा कार्यक्रम होता. खोलीत साध्या आवाजात बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं असतं, तरी माईक आणला होता, आणि तो चालू आहे का हे पाहण्यातच पहिल्या दोघींची चकलीची भाजणी वाया गेली. साहेबीणबाईंनी अन्नाला जात नसते या विषयावर बराच वेळ भाषण केलं. टाळ्या झाल्या. मग शेजारीण उठली.

"डालडा आधी फेसून घ्यायचा. परातीत, हातानं."

"किती वेळ?" साहेबीणबाईंनी विचारलं.

"हात दुखायला लागेपर्यंत."

"आणि मग?"

"मग अजून थोडा."

बायका हसल्या. पेन्सिली काढून सगळ्यांनी लिहून घेतलं. थोडं बेसन का घालायचं, सोडा किती, निखारे कधी उतरवायचे, सगळं तिनं हातचं न राखता सांगितलं. घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. एरवी माझ्यामागे चालायची.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिनं ताटं दिली. पहिलं साहेबीणबाईंकडे, मग ओळीनं तीन घरी, शेवटचं आमच्याकडे. कुणीच नको म्हटलं नाही. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून संध्याकाळपर्यंत प्रत्येक ताटातून चिवडा, शेव, लाडू आले. ते सगळं ओट्यावर मांडून तिनं मला दाखवायला बोलावलं. नवऱ्याला तिनं नुसता बोटानं ओटा दाखवला.

आमच्या घरी मी चहाबरोबर दोन खाल्ल्या. सासूबाई पेडगावच्या, मोठ्या शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी ताट लांबूनच पाहिलं.

"मला दात न्हाईत, माय," त्या म्हणाल्या.

नानकटाईला दात लागत नाहीत. शिवाय त्या वेळी त्यांच्या तोंडात चकली होती. मी उरलेल्या नानकटाया डब्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा रिकामा दिसला. पोरांनी संपवल्या असतील, असं मी धरून चालले.

त्याच दुपारी मी शेजारणीच्या ओसरीत बसले होते. क्वार्टर्सची अंगणं झाडणारी बाई तिथं आली. ती शेजारणीची लांबच्या नात्यातली नणंद. काम उरकलं की चहाला टेकायची. तिनं पदराची गाठ सोडली.

"घ्या वैनी, पोरांना. लय मायाळू बाया हायत इथल्या. म्या मागितलं बी न्हाई, आपूनच बोलवून पदरात घातलं."

पदरात नानकटाया होत्या. काही फुटल्या होत्या, बऱ्याच शाबूत होत्या. शाबूत होत्या त्यांच्यावर तीन-तीन गोल होते.

शेजारणीनं एक उचलून उलटसुलट पाहिली.

"साहेबीणबाईंनी बी दिल्या?"

"त्येंनी तर सगळ्यांच्या आधी."

माझी नजर त्या ढिगावर फिरत होती. ते तिच्या ध्यानात आलं.

"तुमच्या घरच्या नका हुडकू, वैनी," ती म्हणाली. "सगळ्या सारख्याच हायत."

झाडणारी बाई एकदा तिच्याकडं, एकदा पदराकडं बघायला लागली. "तुमीच केल्यात व्हय?"

"मीच केल्यात. खा. ऱ्हायलेल्या पोरांना ने."

तिनं चहा ठेवला. तिघींनी एकेक नानकटाई चहात बुडवून खाल्ली. छान झाली होती. त्यामुळं खाणं आणखी अवघड जात होतं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तिच्या यजमानांचा आवाज आला. "अर्ज देऊ का मग?"

"नगं," ती म्हणाली. "माझी नानकटाई समदी कॉलनी फिरून माझ्याच घरी येती. मग म्या कशाला फिरू?"

 

त्या आठवड्यात क्वार्टर्सभर भाजक्या मैद्याचा वास होता. पद्धत सगळ्यांनीच लिहून घेतली होती. साहेबीणबाईंकडून आमच्याकडे ताट आलं, मध्यभागी पिस्ता लावलेल्या नानकटायांचं. सासूबाईंनी दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. दातांचा विषय निघाला नाही.

पुढच्या दिवाळीलाही शेजारीण तिथंच होती. मुलगी पास होऊन कॉलेजला गेली होती. पेनाचं टोपण मात्र आईनं ठेवून घेतलं होतं. तिनं त्याच घरी त्याच क्रमानं ताटं दिली. या वेळी नानकटाया जास्त होत्या. मी कारण विचारलं.

"झाडणारीला चार लेकरं हायत," ती म्हणाली. "गेल्या साली पुरल्या न्हाईत."

आमच्याकडे ताट आलं तेव्हा ओसरीत सासूबाईच होत्या. त्यांनी रुमालाचं टोक उचललं, आत पाहिलं आणि झाडणारी आज किती वाजता यायची म्हणून मला विचारलं.

मी खोटंच म्हटलं, ती आज यायची नाही. मग ताट आम्हा दोघींच्या मध्ये तसंच राहिलं.